केओएचची स्लाइड वाचताना: मायकॉलॉजीच्या (बुरशीशास्त्राच्या) टेबलावर नव्याने बसणाऱ्यांसाठी

नव्या माणसाला सिल्व्हर स्टेन (चांदीने बुरशी काळी करणारा रंग) शिकायची घाई असते. पण गजकर्णाच्या आणि नखांच्या नमुन्यांचा रोजचा भार केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) उचलतं, आणि सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. खरं तर हा रंग नाहीच. केओएचमुळे त्वचा-नखांतलं केराटिन विरघळतं आणि बुरशीची चिवट भिंत तेवढी शिल्लक राहते.

चट्टा मधोमध खरवडू नका, तो भाग बरा होत आलेला असतो. ७०% अल्कोहोलने मलम-पावडर पुसा, वाळू द्या, मग बोथट ब्लेडने लालसर कडेचा कोंडा काढा. त्वचेला १०% केओएच पुरतं, नखाला २० ते ४०% लागतं. थेंबात कोंडा ठेवून वर कव्हरस्लिप टाका. त्वचेला दहा-वीस मिनिटं बस्स. नखाचे तुकडे मात्र छोट्या नळीत रात्रभर राहू द्या. स्लाइड ज्योतीवरून फिरवली तर काम लवकर होतं, पण उकळली की स्फटिक धरतात आणि नमुना हातचा जातो.

आता मायक्रोस्कोपचा कंडेन्सर (उजेड एकवटणारं भिंग) खाली घ्या. झगझगीत उजेडात रंगहीन हायफी (बुरशीचे धागे) दिसतच नाहीत. आधी १०एक्सवर शोधा, मग ४०एक्सवर खात्री करा. हमखास फसवते ती ‘मोझेक’ जाळी: ती पेशींच्या कडांनीच वळत जाते आणि तिची जाडी मध्येच बदलते. खरी हायफा पेशींच्या सीमा ओलांडून सरळ पुढे जाते. जाडी बहुतेक एकसारखी, मध्ये आडवे पडदे, कुठेतरी फाटा.

कॅल्कोफ्लोर व्हाइट हे चमकणारं रंगद्रव्य घातलं तर फ्लुरोसन्सखाली बुरशी लखलखते. पण ते सेल्युलोजलाही चिकटतं, त्यामुळे कापसाचा धागासुद्धा तितकाच ऐटीत चमकतो!

मेंदूज्वराच्या संशयात पाठीतलं पाणी सेंट्रिफ्यूज करून गाळाचा थेंब इंडिया इंकमध्ये मिसळा. शाई इतकीच हवी की स्लाइडखाली ठेवलेल्या वर्तमानपत्राची अक्षरं वाचता यावीत. नुसत्या पांढऱ्या वलयावर क्रिप्टोकॉकस (मेंदूज्वर करणारं यीस्ट) लिहू नका. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशीभोवतीही वलय दिसतं. कॅप्सूलची (यीस्टभोवतीच्या आवरणाची) कड रेखीव असते, आत गोल यीस्ट असतं, आणि कळी दिसली तर उत्तमच. काही दिसलं नाही तरी आजार नाही असं ठरत नाही, अँटिजेन चाचणी करायलाच हवी.

जीएमएस या सिल्व्हर स्टेनमध्ये बुरशी काळी दिसते. चांदीत जास्त वेळ राहिलं तर ऊतकही काळं पडतं. म्हणून दर खेपेला कंट्रोल स्लाइड लावा.

२०२१ मध्ये महाराष्ट्रात ‘काळी बुरशी’ म्हणून गाजलेली म्युकर प्रत्यक्षात काळी नसते, काळं पडतं ते मेलेलं ऊतक. केओएचमध्ये तिच्या हायफी रुंद, फितीसारख्या आणि जवळजवळ बिनपडद्याच्या असतात, फाटे बरेचदा काटकोनात. अस्परजिलस या दुसऱ्या बुरशीच्या अरुंद, पडदे असलेल्या, फाटे साधारण ४५ अंशांत. कोनापेक्षा रुंदीवर आणि पडद्यांवर विश्वास ठेवा, कारण दाबलेल्या ऊतकात कोन बदलतात. संशय आला की लेखी रिपोर्टची वाट न बघता वॉर्डला फोन करा. आणि कल्चरसाठी (प्लेटवर बुरशी वाढवण्यासाठी) ते ऊतक कुटू-वाटू नका, बारीक कापूनच लावा. वाटल्यावर या हायफी फुटून मरतात आणि स्लाइड पॉझिटिव्ह असूनही प्लेट कोरी राहते.