वकिलीची सनद मिळाली? आता तारखा मोजायला शिका

वकिलीत नव्याने येणाऱ्यांच्या डोक्यात खून, घोटाळे आणि घटनापीठ असतं. ऑफिसात येणारा पक्षकार मात्र हातउसने दिलेले पैसे, न वटलेला चेक, जागा न सोडणारा भाडेकरू घेऊन येतो. हक्क कोणाचा, हे कॉलेजात शिकून झालेलं असतं. तो हक्क आज मागता येतो का, हे कळायला मला बराच काळ लागला. अजूनही नवी फाइल उघडताना पोटात गोळा येतो तो तारखांमुळेच.

हातउसन्याचंच घ्या. परतफेडीचा दिवस ठरलेला नसेल, तर मुदत कायदा, १९६३ प्रमाणे दावा लावायची तीन वर्षं मोजायची ती पैसे दिल्याच्या तारखेपासून. मागितले तेव्हापासून नाही, समोरच्याने हात वर केले तेव्हापासूनही नाही. ‘मागाल तेव्हा देईन’ असं ठरलं असलं तरी हेच. पक्षकार सांगतो, ‘तो दर दिवाळीला देतो म्हणायचा.’ तोंडी म्हणण्याला इथे किंमत नाही. मुदत संपण्याआधी सहीनिशी लेखी कबुली असेल, तर कलम १८ नुसार मुदत नव्याने सुरू होते. वकिलाची नोटीस पाठवून ती एक दिवसही वाढत नाही. प्रतिवादीने मुद्दा काढला नाही तरी कलम ३ खाली कोर्टाला मुदतबाह्य दावा फेटाळावाच लागतो. आणि विलंबमाफीचं कलम ५ दाव्याला लागूच नाही! गाइडं वाचून पास झालेले इथेच आपटतात. बेअर ॲक्टचं, म्हणजे कायद्याच्या मूळ मजकुराचं, परिशिष्ट वाचा, गाइडातला तक्ता पाठ करू नका.

घाबरू मात्र नका. मुदत गेल्यावरही कर्जदाराने सहीचं लेखी वचन दिलं, तर त्या वचनावर दावा लावायला करार कायद्याचं कलम २५(३) हाताशी आहे.

चेकचं गणित वेगळं. बँकेकडून चेक परतल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत पैसे मागणारी नोटीस. ती मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस. ते संपले की एका महिन्यात कोर्टात तक्रार, आणि हा महिना कॅलेंडरचा, ३० दिवसांचा नव्हे. तक्रारीचा उशीर सबळ कारण दाखवून माफ होऊ शकतो, नोटिशीचा नाही.

सीनियर निवडताना नाव बघू नका. जो पहिल्या दिवशी युक्तिवाद ऐकवतो त्याच्यापेक्षा फाइलिंगच्या खिडकीवर उभं करणारा बरा. तिथला क्लार्क तुमच्या दाव्यात आधी वादाचं कारण कधी घडलं ते शोधतो.