एमबीबीएसनंतर गॅप इयरमध्ये परदेशात रिसर्च शोधताय? या चुका टाळा

इंटर्नशिप संपली, पीजीची लगेच घाई नाही आणि एक वर्ष बाहेरच्या लॅबमध्ये काढायचं मनात आहे. कोल्हापुरात असं म्हणणारी पोरं आता जवळपास प्रत्येक बॅचला भेटतात. २०२२ मध्ये अमेरिकेत डॉक्टरकी करण्यासाठी लागणाऱ्या यूएसएमएलई परीक्षेची स्टेप वन नुसती पास-नापास झाली, तेव्हापासून तर रिसर्चला आणखी भाव आला. पोरं हुशार असतात, मार्कांचीही अडचण नसते. घोळ होतो तो शोधण्याच्या पद्धतीत.

आपल्यासाठी नसलेले फॉर्म

अमेरिकेत आधी चार वर्षांची डिग्री आणि मग मेडिकल. त्यामुळे ‘गॅप इयर रिसर्च’ म्हणून शोधलं की निम्मी माहिती तिथल्या, अजून मेडिकलला न गेलेल्या मुलांसाठीची निघते. एनआयएच या अमेरिकेच्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा पोस्टबॅक (पदवीनंतरचा) कार्यक्रम अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांपुरता आहे. जर्मनीच्या डाड या शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेची ‘राइज’ ही उन्हाळी इंटर्नशिप अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये शिकणाऱ्यांसाठी. पात्रतेचा मजकूर आधी वाचला तर शिफारसपत्रांसाठी सरांच्या केबिनबाहेर ताटकळायची वेळ येत नाही. जपानमधली ओकिनावाची ओआयएसटी संस्था मात्र कुठल्याही देशाच्या विद्यार्थ्यांना आणि नुकत्याच पदवीधरांना घेते, विमानभाडं आणि राहण्याची सोयही करते. फक्त तिथे काम बेसिक सायन्सचं, पेशंट नाहीत.

मेल: सगळ्यात जास्त माती इथेच होते

बाकीच्यांना उरतो तो सरळ मार्ग, म्हणजे थेट प्राध्यापकांना मेल. नेहमीचा मेल ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरू होतो. मग ‘मला रिसर्चची मनापासून आवड आहे, आपल्या नामांकित संस्थेत संधी मिळाल्यास मी आपला ऋणी राहीन’. सोबत चार पानी सीव्ही, त्यात दहावीचे टक्के आणि गॅदरिंगमधलं बक्षीस. हाच मेल जसाच्या तसा दीडशे जणांना. समोरच्या प्राध्यापक बाई आहेत, हेसुद्धा कित्येकदा पाहिलेलं नसतं.

त्याऐवजी मेल इंग्रजीतच, पण आशय असा ठेवा: ‘डॉक्टर अमुक, डायबेटिक फूटवरचा तुमचा ताजा पेपर वाचला. इंटर्नशिपमध्ये मी अशाच साठ पेशंटच्या नोंदी एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन गोळा केल्या आणि आर सॉफ्टवेअरमध्ये ॲनालिसिस केलं. जुलैपासून बारा महिने पूर्ण वेळ येऊ शकतो. चार्ट रिव्ह्यूचं (जुन्या केसपेपरमधून नोंदी काढण्याचं) एखादं काम माणसाअभावी अडलं असेल, तर ते मी पूर्ण करून देईन.’ एवढंच. सीव्ही दोन पानी. आणि पेशंटची नावं असलेली एक्सेल शीट चुकूनही जोडू नका. ती जोडलीत की तुमची परीक्षा तिथेच संपली.

मेल करण्याआधी एनआयएच रिपोर्टर ही सरकारी वेबसाइट उघडा. प्राध्यापकाचं नाव टाकलं की त्यांच्याकडे कुठली ग्रँट (संशोधनासाठीचा निधी) आहे, किती रकमेची आणि कधी संपते, सगळं दिसतं. ग्रँट चार महिन्यांत संपणार असेल तर पगाराची आशा धरण्यात अर्थ नाही. २०२५ मध्ये एनआयएचच्या बऱ्याच ग्रँट मध्येच रद्द झाल्या, त्यामुळे ही तपासणी आता सोडून चालत नाही.

आपण सकाळी दहाला पाठवलेला मेल बोस्टनला मध्यरात्री पोचतो आणि सकाळी ढिगाखाली जातो. आपल्याकडे संध्याकाळी साडेसात-आठला पाठवा.

उत्तरच येत नसेल तर नेमकं कुठे अडलंय ते बघा. तीस-चाळीस मेलना एकही उत्तर नाही, तर दोष मेलमध्ये किंवा यादीत आहे. संख्या वाढवून काही होणार नाही. ‘सध्या फंडिंग नाही’ असं तीन-चार जणांनी लिहिलं, तर मेल ठीक आहे, लॅब बदला. मोठ्या नावाच्या प्राध्यापकाकडून शांतता असेल तर त्यांच्याच लॅबमधल्या पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतर तिथे संशोधन करणाऱ्याला, लिहा. रोजच्या कामाला माणूस कमी पडतोय हे त्याला आधी कळतं. आठ-दहा दिवसांनी एक आठवण, त्यापुढे नाही.

पैसे देऊन जागा

काही एजंट ‘रिसर्च पोझिशन पक्की, पेपरवर नाव पक्कं’ म्हणत लाखांत फी सांगतात. आयुष्यभर सीव्हीवर राहणारा पेपर असा विकत घेऊ नये, आणि मुलाखतीत त्यातली मेथड विचारली की पितळ उघडं पडतंच.

होकार आल्यावरच्या चुका

‘या’ असा मेल आला म्हणजे काम झालं असं नाही. लगेच विचारा: डीएस-२०१९ कोण काढणार? अमेरिकेच्या जे-वन (एक्सचेंज) व्हिसासाठी लागणारा हा फॉर्म यजमान संस्थाच देते. ‘टुरिस्टवर या, मग बघू’ असं कोणी सुचवलं तर नको म्हणा. व्हिजिटर व्हिसावर लॅबमध्ये नोकरी करता येत नाही. जे-वनमध्येही ‘रिसर्च स्कॉलर’ हा प्रकार एकदा वापरून संपला की त्याच प्रकारात परत यायला २४ महिने थांबावं लागतं. म्हणून दोन-तीन महिन्यांच्या कामासाठी तो खर्ची घालू नका. सहा महिन्यांपर्यंत ‘शॉर्ट-टर्म स्कॉलर’ हा वेगळा प्रकार आहे. आणि या व्हिसावर पेशंट तपासायचं स्वप्न सोडा, काम रिसर्चचंच.

सरकारी कॉलेजवाल्यांनी बाँडचा (सरकारी सेवेच्या अटीचा) विषय तिकीट काढण्याआधी मिटवावा. लोक हे शेवटी आठवतात.

आता पैशाचं. पगार नसलेल्या जागेसाठी वर्षभराचा खर्च खात्यावर दाखवावा लागतो. शैक्षणिक कर्ज प्रवेशावर मिळतं, आणि इथे प्रवेश नसतो. कागल, शिरोळकडच्या घरांत आणखी एक पेच: सहा एकर ऊस आहे, पण शेतीच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स नाही म्हणून वडिलांचं रिटर्नच भरलेलं नसतं. जमिनीचं व्हॅल्युएशन काढून चालत नाही, विद्यापीठाला लगेच काढता येईल असा पैसा हवा असतो. कारखान्याचं बिल जमा झालं की त्याची एफडी वेळेत करा, बिलाच्या पावत्या आणि सातबारा फाइलला लावा. मुंबईत व्हिसा मुलाखतीच्या खिडकीपाशी ‘एवढी रक्कम गेल्या महिन्यात अचानक कुठून आली’ असं विचारलं, तर उत्तर कागदावर तयार असेल.