आधी कुंडी, मग झाड

गच्चीवरच्या कुंड्यांतली फळझाडं थंडीतून वाचवायची आहेत? निफाडचा पारा पाच-सहावर आल्याची बातमी वाचून धावपळ करणाऱ्याला उशीर झालेला असतो. बारदान, सुतळी, विटा दिवाळी उरकली की जमवा. तेव्हापासून युरिया आणि छाटणी बंद. नवी पालवी फुटली की थंडी तिलाच आधी धरते.

हमखास झाकायची राहून जाते ती कुंडी. जमिनीतल्या मुळांना खालची ऊब मिळते. गच्चीवरची कुंडी चहूबाजूंनी आणि तळातून निवते. शेंड्याला शाल आणि मुळं उघडी, हा प्रकार नको. कुंडी विटांवर उचला. कोब्याला टेकलेला तळ गारठतो, भोकही बुजतं. मग बारदानाचे तीन पदर गुंडाळून सुतळीनं आवळा, भोक मोकळं ठेवून. ग्रोबॅगला पाच पदर. मातीवर चार बोटं पाचट (उसाची वाळकी पानं), खोडापासून जरा दूर. लहान कुंड्या खेटून ठेवा, दुपारचं ऊन खाणाऱ्या भिंतीशी. पाणी घालताना बारदान भिजलं तर बदला, ओलं बारदान उलट गारवा धरतं.

आता वरचं. चार बांबू रोवून त्यावर क्रॉप कव्हर, म्हणजे पिकावर घालायचं पातळ कापड, कृषी सेवा केंद्रात मिळतं तेच. कडा खाली कोब्यापर्यंत, नाहीतर खालची ऊब निसटते. प्लास्टिक वापरायचंच असेल तर पानाला टेकू देऊ नका, टेकलं तिथं पान करपतं. कव्हर असो की प्लास्टिक, दिवस मावळायच्या आत घाला, ऊन चढलं की काढा. आत दमट कोंडलं की बुरशी येते. कुंडीचं बारदान मात्र काढायचं नाही. रोजच्या काढ-घालीत तेही सुटतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

पाणी सकाळी दहाच्या सुमारास, बोट दोन पेरं आत कोरडं लागलं तरच. संध्याकाळी अजिबात नाही. कोरडीठाक माती ऊब धरत नाही, चिखलात मुळं कुजतात.

किमान तापमान 10 अंशांखाली जायला लागलं की पपई आणि केळी आधी झाका, मग चिकू, फणसाचं रोप. आंब्याला मोहोरासाठी गारवा हवाच. मोठं झाड झाकू नका, कुंडी झाका. सीताफळ पानं गाळतंच, मेलं समजून पाणी ओतू नका.

तापमान फारच उतरलं तर कव्हरच्या आत 60 वॅटचा जुना पिवळा बल्ब, कापडापासून लांब, वायरीचा जोड दवात नको. एलईडीचा उपयोग नाही. काळी पडलेली पानं-फांद्या होळीपर्यंत तोडू नका, खत नवी फूट दिसल्यावरच.