गुलाबाची पानं खराब होताहेत? औषध मारण्याआधी या चुका टाळा

गुलाबाचं पान बिघडलं की लोक फोटो काढून पाठवतात, आणि तो हमखास वरून काढलेला असतो. माझं उत्तरही ठरलेलं आहे: पान उलटं करा आणि पुन्हा पाठवा. बहुतेक कीड पानाच्या खालच्या बाजूला असते. तिकडे न बघताच निम्मे लोक कृषी केंद्राच्या काउंटरवर पोचलेले असतात.

माझा सगळ्यात जास्त जीव खाणारी चूक म्हणजे लाल कोळ्यावर (रेड स्पायडर माइट, पानाचा रस शोषणारा ठिपक्याएवढा जीव) कीटकनाशक मारणं. नागपुरात होळी झाली, हवा कोरडी पडली की कोळी सुरू होतो आणि नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागेपर्यंत झाडाचा रंग उतरवून टाकतो. आधी पानावर सुईच्या टोकाएवढे फिके ठिपके दिसतात. मग पान राखाडी-तांबूस होतं आणि शेवटी खालून बारीक जाळी धरते.

आमच्या गल्लीतल्या एका काकांची गच्ची गुलाबांसाठी प्रसिद्ध. मे महिन्यात पानं फिकी पडायला लागली, तेव्हा त्यांनी आधी पाणी वाढवलं, मग खत घातलं, मग दुकानदाराने हातात दिलेलं इमिडाक्लोप्रिड मारलं. "भाऊ, इतकी महागाची दवाई मारली, पण काहीच फरक नाही पडून राह्यला," म्हणाले. फरक पडणार कसा? कोळी हा कीटकच नाही. त्याला आठ पाय असतात, तो घरातल्या जाळं विणणाऱ्या कोळ्याच्या जातीतला. इमिडाक्लोप्रिड मावा-तुडतुड्यांसारख्या रस शोषणाऱ्या कीटकांसाठी आहे. कोळ्याला ते काही करत नाही, उलट कोळी खाणारे मित्रकीटक त्याने मरतात आणि याला रान मोकळं मिळतं. मी एक पांढरा कागद मागितला, फांदीखाली धरला आणि फांदी दोनदा झटकली. कागदावर धूळ पडल्यासारखे ठिपके दिसले. काकांनी चष्मा लावला, वाकून बघितलं आणि ओरडले, "अरे, हे तं चालून राह्यले!" बोट फिरवलं तर कागदावर तांबूस रेघ उठली.

यावर माझा उपाय औषधाचा नाहीच. सकाळी पाइप घ्यायचा, बोटाने तोंड दाबायचं आणि पानांच्या खालून जोरात पाणी मारायचं. एक दिवसाआड, निदान दोन आठवडे. आपल्याकडच्या उन्हात अंड्यातून निघून कोळी आठवड्याभरात पुन्हा अंडी घालायला तयार होतो, त्यामुळे एकदा धुऊन "जमलं नाही" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. फार खराब पानं तोडून पिशवीत बांधून फेका, कंपोस्टमध्ये नको. आणि कुंड्या एसीच्या आउटडोअर युनिटसमोर असतील तर आधी त्या हलवा. त्या गरम वाऱ्यात कोळ्याची चंगळ असते. काकांच्या निम्म्या कुंड्या नेमक्या तिथेच होत्या.

नीम तेल किंवा गंधक वापरायचंच असेल तर ऊन उतरल्यावर वापरा, आणि पारा पस्तिशीच्या वर असेल तर गंधकाच्या वाटेला जाऊच नका. भर दुपारी फवारून पानं करपवायची आणि वर "कीड वाढली" म्हणायचं, हा प्रकार दर उन्हाळ्यात बघतो.

दुसरी चूक निरुपद्रवी, पण चीड आणणारी. पानाच्या कडेला तिकीट पंच केल्यासारखा स्वच्छ अर्धगोल कापलेला असतो आणि लोक अळी शोधत बसतात. अळी नाहीच. पानं कापणारी मधमाशी तो तुकडा घेऊन जाते आणि पोकळ काडीत नाहीतर भिंतीच्या भोकात घरट्याला अस्तर लावते. ती पान खात नाही, त्यामुळे पानावर विष मारून हे कापणं थांबत नाही, आणि झाडालाही तेवढ्याने काही होत नाही. परागीभवन करणारी माशी आहे, तिला राहू द्या. अळीने खाल्लेलं पान वेडंवाकडं असतं आणि खालच्या पानांवर काळ्या लेंड्या सापडतात. लेंड्या दिसल्या की अळी तिथेच कुठेतरी आहे. हाताने वेचा.

दिवाळीनंतर कोवळ्या फुटव्यावर मुंग्यांची रांग दिसली तर मावा आहे. पाण्याने धुवा. त्याच फुटव्यावर नारिंगी ठिपक्यांची, काळी, काटेरी, लांबट अळी दिसली तर तिला चिरडू नका. ते ढालकिड्याचं (लेडीबर्डचं) पिल्लू आहे आणि ते मावाच खातं.

नवी पानं वळलेली, कळीच्या पाकळ्यांच्या कडा तपकिरी, कळी अर्धवट उघडून थांबलेली: फुलकिडे. कागदावर झटकलं की कोळी रमतगमत चालतो, फुलकिडा मात्र बारीक काडीसारखा असतो आणि पळत सुटतो. अशा कळ्या काढूनच टाका. मला माहीत आहे, जीव होत नाही.

नव्या पानाचा रंग पिवळा पण शिरा हिरव्या असतील तर कीड शोधू नका. आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीत झाडाला लोह मिळत नाही, संत्रेवाल्यांना हे पाठ असतं. पावसाळ्यातले काळे डाग बुरशीचे, कीटकनाशक तिथेही फुकट. आणि एका पंपात दोन-तीन औषधं कालवणाऱ्यांनी मला फोटो पाठवू नयेत.

पहिल्या पावसानंतर रात्रीतून पानांची चाळण झाली आणि दिवसा काहीच सापडत नसेल, तर रात्री टॉर्च घेऊन बघा. भुंगेरे असतात, साबणाच्या पाण्यात टाका. त्यांचीच अळी, म्हणजे हुमणी, कच्च्या शेणखतातून कुंडीत येते आणि मुळं खाते. शेणखत पूर्ण कुजलेलंच घ्या, तरीही चाळून घ्या. अर्धगोलात वळलेली जाड पांढरी अळी निघाली तर शेजारी कोंबड्या असतील त्यांच्यापुढे टाका.