फ्युनेरिया मॉस आणि बॉनेट मकाक: तुलनेचा तक्ता कसा मांडाल?

अकरावी-बारावीच्या प्रकल्पाला ही जोडी ठाण्यात सोयीची: मॉस ही इवली वनस्पती सोसायटीच्या कुंपणभिंतीवर, बॉनेट मकाक ही माकडं येऊरला. मात्र ‘एक हिरवं, दुसरं तपकिरी’ छापाची यादी करू नका. आधी अवस्था ठरवा, मग रकाने भरा.

मॉस पावसाळ्यात घ्या. येऊरचं जंगल राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथून काही उचलायचं नाही. सोसायटीतला नखाएवढा पुंजका मातीसकट सोडवला की पुरे. बुळबुळीत थर असेल तर ते शैवाल. मॉसची इवली पानं दहापट भिंगाखाली दिसतात. सुकल्यावर पानं नळीसारखी आत वळली, तर ती बहुधा हायोफिला ही दुसरी मॉस. तिच्या बीजाणूकुपीला (देठाच्या टोकावरच्या बीजाणूंच्या डबीला) दात नसतात. फ्युनेरियाची कुपी नासपतीच्या आकाराची, जराशी वाकडी. सुईने झाकण काढून शंभरपट वर्धनाखाली पाहा: बाहेर 16 दात, आत 16.

इथेच अनेकजण फसतात. प्रौढ माकडालाही 32 दात! पण कुपीचे दात म्हणजे पेशीभित्तिकांचे तुकडे; बाहेरचे हवेतल्या ओलाव्यानुसार हलून बीजाणू सोडतात. हा निव्वळ योगायोग, साम्याच्या रकान्यात नको.

खरा कस गुणसूत्रांच्या ओळीत. मॉसचं हिरवं रोप एकगुणित, म्हणजे पेशीत गुणसूत्रांचा एकच संच. देठ आणि कुपी द्विगुणित, म्हणजे दोन संच. माकडाचं अख्खं शरीर द्विगुणित, 42 गुणसूत्रांचं. एकगुणित फक्त शुक्रपेशी आणि अंडपेशी. म्हणून माकडासमोर हिरवं रोप नव्हे, कुपी ठेवा. अर्धसूत्री विभाजनातून (गुणसूत्रं निम्मी करणाऱ्या पेशीविभाजनातून) कुपीत बीजाणू बनतात, माकडात थेट युग्मकं, म्हणजे शुक्रपेशी आणि अंडपेशी. कुपी आईच्या रोपावरच पोसली जाते, म्हणून तिच्यासमोर गर्भ मांडता येतो. फरक एवढाच, की माकडाचं पिल्लू साधारण साडेपाच महिन्यांनी जन्मतं, कुपी मात्र रोपापासून कधीच सुटी होत नाही.

अस्सल साम्य हवं तर शुक्रपेशी घ्या. दोन्हींकडे पोहणाऱ्या: मॉसच्या शुक्रपेशीला दोन कशाभिका (शेपटीसारखे धागे) आणि पावसाच्या पाण्याचा पातळ थर हवा, माकडाच्या शुक्रपेशीला एकच शेपटी.

माकड ओळखताना डोक्यावरचा केसांचा भोवरा आणि धडाहून लांब शेपूट पाहा. ऱ्हीसस या दुसऱ्या मकाक माकडाची शेपूट आखूड असते. किमान दहा मीटर अंतर ठेवा, खाऊची पिशवी नेऊ नका, दर पाच मिनिटांनी कोण काय करतंय ते टिपा. दात मोजायला जाऊ नका, दंतसूत्र (कोणते दात किती, ते) पुस्तकातून घ्या. डोळ्यांत रोखून पाहिलं तर माकडं ती धमकी समजतात. दात दाखवू लागली, तर पाठ न फिरवता मागे सरका.