आयटीआयच्या नव्या निदेशकांनो, या चुका टाळा

मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायचं हत्यार, कपाटात कुलूपबंद ठेवून फिटर-टर्नर घडवायला निघणं, ही मी मराठवाड्यातल्या वर्कशॉपमध्ये सगळ्यात जास्त पाहिलेली चूक. कारण सगळ्यांना माहीत आहे. डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे संस्थेच्या वस्तूंच्या वहीत, नोंद असते, पोराच्या हातून पडला तर भरून कोण देणार? मग पोरं फळ्यावरच्या आकृतीवरून 'लीस्ट काउंट (वाचता येणारं सगळ्यात लहान माप) 0.01 मिमी' पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि पास होतात.

त्याचा हिशोब पुढं वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत होतो. एका कंपनीत अप्रेंटिसच्या निवडीला मी पोरांना घेऊन गेलो होतो. सुपरवायझरनं टेबलावर एक शाफ्ट आणि मायक्रोमीटर ठेवला. ड्रॉइंगवर माप 25 मिमी, त्यापेक्षा 0.05 पर्यंत कमी चालेल. पहिल्या पोरानं रॅचेटला, म्हणजे बेताचाच दाब देणाऱ्या टोकाच्या कळीला, हातच लावला नाही, थिंबलच (फिरणारं नळकांडं) करकचून आवळलं. दुसऱ्यानं धरलं नीट, पण वाचलं 24.48 आणि म्हणाला, "रिजेक्ट आहे, सर." शाफ्ट 24.98 चा होता. स्लीव्हवर, म्हणजे न फिरणाऱ्या नळीवर, 24 च्या पुढची अर्ध्या मिलिमीटरची रेघ उघडी पडली होती, ती त्यानं धरलीच नाही. थिंबलवरचे 48 तेवढे वाचले. सुपरवायझर मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, हा पोरगा माझा चांगला माल भंगारात काढील." पोरगा मेहनती होता. त्याला कुणी रोज मोजायला लावलं नव्हतं, एवढंच.

माझी सवय अशी: हजेरी झाली की डबी उघडायची. मायक्रोमीटरची तोंडं पुसून आधी शून्य तपासायचं. मग एकच जॉब, म्हणजे घडवलेला तुकडा, चौघांनी मोजायचा आणि एकमेकांना न दाखवता रीडिंग वहीत लिहायचं. आकडे जुळले नाहीत की त्या दिवसाचा धडा तिथूनच. वापरून झिजला तर झिजू द्या, निर्लेखनाचा, म्हणजे रजिस्टरातून कमी करण्याचा, प्रस्ताव टाका.

दुसरी चूक म्हणजे पोराच्या हातातली कानस काढून घेणं. परीक्षा जवळ आलेली असते, मेल-फिमेल फिटिंग, म्हणजे एकमेकांत बसवायचे दोन तुकडे, बसत नसतं, मग सरच चार हात मारतात. जॉब बसतो, पोरगं होतं तिथंच राहतं. दाखवायचंच असेल तर वेगळ्या भंगाराच्या तुकड्यावर दाखवा, त्याच्या जॉबला हात लावू नका. वाकडा झाला तर वाकडाच तपासा, मार्क तेवढेच द्या.

नव्या निदेशकांना सीएनसीची, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनची, फार घाई असते. कंपन्या मागतात, हे खरं. पण ज्याला हातानं काटकोन काढता येत नाही आणि ड्रॉइंगवरचा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) वाचता येत नाही, तो तिथं बटणं दाबण्यापलीकडं जात नाही. प्रात्यक्षिकाच्या जागी यूट्यूब लावून देणं तर मला मुळीच पटत नाही.

कंपनीत गेल्यावर एचआरला "किती पोरं घेता?" एवढंच विचारून परत येऊ नका. लाइनवरच्या सुपरवायझरला गाठा आणि विचारा, नव्या पोराकडून पहिल्या महिन्यात काय बिघडतं? उत्तरं जागेप्रमाणं बदलतात. वाळूजच्या ऑटो पार्टच्या कारखान्यात मोजमापाचं रडगाणं ऐकायला मिळेल. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये बेअरिंग, कपलिंगचं अलाइनमेंट (एका रेषेत बसवणं) आणि शटडाउनमधली, म्हणजे दुरुस्तीला मिल बंद असतानाची, धावपळ. ट्रेड एकच, फिटर, पण काम निराळं. मी पहिल्या पाळीच्या सुट्टीच्या वेळी जातो, तेव्हा माणूस दोन मिनिटं बोलतो.

सोयाबीन काढणीत पोरं गैरहजर राहतात. त्यांना आळशी ठरवू नका, बुडालेले जॉब नंतर शनिवारी करून घ्या.

अप्रेंटिसशिप म्हणजे कायम नोकरी नव्हे. 1961 च्या कायद्याखालचा तो प्रशिक्षणाचा करार आहे, हे सही करण्याआधी पोराला आणि त्याच्या वडिलांनाही समोर बसवून सांगा.

थिअरी इंग्रजीत डिक्टेट करू नका. मराठीत समजावा, पण ड्रॉइंगवरचे आणि मशीनवरचे इंग्रजी शब्द तसेच तोंडी बसवा, कारण कंपनीत तेच ऐकू येणार.

आणि ग्राइंडरवर उभं राहताना गॉगल आधी तुम्ही घाला.