विधान खरं की खोटं? न्यायपद्धतीने तपासणी

‘या विहिरीचं पाणी पिण्याजोगं आहे, कारण ते नितळ आहे.’ न्यायदर्शन म्हणजे ज्ञान आणि तर्क यांची चिकित्सा करणारं भारतीय दर्शन. त्याची बहुतेक हत्यारं चालवून पाहायला एवढं एक विधान पुरतं.

आधी विधानाचे तीन भाग वेगळे काढावेत. ज्याच्याविषयी बोलतोय तो पक्ष (ही विहीर, तिचं पाणी), जे सिद्ध करायचं ते साध्य (पिण्याजोगं असणं) आणि ज्याच्या बळावर सिद्ध करायचं तो हेतू (नितळपणा). पक्ष मोघम ठेवू नये. एकाच्या डोक्यात मे महिन्यातलं पाणी असतं, दुसऱ्याच्या श्रावणातलं, आणि वाद तासभर चालतो.

मग अनुमानाचे पाचही अवयव कागदावर उतरवावेत: प्रतिज्ञा (जे सिद्ध करायचं ते विधान), हेतू (कारण), उदाहरण (नियम, दाखल्यासह), उपनय (तो नियम पक्षाला लावणं), निगमन (निष्कर्ष). तिसरा, म्हणजे उदाहरण, गाळून चालत नाही. ‘जे जे नितळ, ते ते पिण्याजोगं, जसं अमक्या झऱ्याचं पाणी’ हे वाक्य बोलण्यात कुणी उच्चारत नाही, ते गृहीतच धरलं जातं. लिहिलं की त्यातली भोकं दिसू लागतात.

या ‘जे जे... ते ते’ला व्याप्ती म्हणतात आणि खरी मेहनत इथेच आहे. साध्य जिथे नक्की आहे ते सपक्ष, जिथे नक्की नाही ते विपक्ष. सपक्षाची उदाहरणं गोळा करत बसण्याचा मोह आवरावा. नैयायिकांचं (न्यायमताच्या पंडितांचं) याबाबतचं ठरलेलं उदाहरण हिऱ्याचं: पार्थिव, म्हणजे पृथ्वीतत्त्वाच्या, वस्तूवर लोखंडाने ओरखडा उठतो हे शंभर ठिकाणी पाहिलं तरी हिऱ्यापाशी नियम मोडतो. म्हणून शोध विपक्षात घ्यावा, म्हणजे अपायकारक पण नितळ पाणी कुठे आहे का, ते पाहावं. आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतल्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे आणि ते डोळ्याला दिसत नाही. भारतीय मानकानुसार ते लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेतात. हेतू विपक्षातही सापडला, म्हणजे तो सव्यभिचार, नियम मोडणारा. अनुमान पडलं.

पडलं तर का पडलं, हे उपाधी सांगते. जी गोष्ट साध्याबरोबर नेहमी असते पण हेतूबरोबर नेहमी नसते, ती उपाधी. इथे ‘घातक घटक मर्यादेत असणं’ ही उपाधी. पिण्याजोग्या पाण्यात ती असतेच, नितळ पाण्यात असेलच असं नाही. उपाधी सापडली की हेतू कशाच्या जिवावर उभा होता ते कळतं.

‘तर्कसंग्रह’ या न्यायाच्या प्राथमिक ग्रंथात हेत्वाभास, म्हणजे हेतूचे दोष, पाच दिले आहेत. त्यांतला सव्यभिचार पाहिला, उरलेले चार भराभर तपासता येतात. पेल्यात घेतल्यावर पाणी गढूळच निघालं, तर हेतू असिद्ध. दुसरा म्हणाला, ‘हेच पाणी पिऊन वाढलेल्या मुलांच्या दातांवर तपकिरी डाग आहेत, म्हणून ते पिण्याजोगं नाही’, तर सत्प्रतिपक्ष, म्हणजे उलट बाजूलाही तितकाच बळकट हेतू. तेव्हा निर्णय थांबवावा, आवाज चढवू नये. अधिक बळकट प्रमाणाने (ज्ञानाच्या साधनाने) साध्य आधीच खोडलेलं असेल, तर बाधित. हेतू उलटंच सिद्ध करत असेल, तर विरुद्ध. हा दोष व्यवहारात क्वचित दिसतो.

आता सत्याचा प्रश्न, जिथे चांगले अभ्यासकही गफलत करतात. सत्य म्हणजे काय आणि ते ओळखायचं कसं, हे दोन प्रश्न आहेत. न्यायमतात वस्तू जशी आहे तशी जाणणं हे यथार्थ ज्ञान. ही झाली व्याख्या. ओळखायची खूण मात्र वेगळी: त्या ज्ञानावर विसंबून केलेली कृती सफल होणं. दुरून पाणी दिसलं, जवळ जाऊन प्यायलो, तहान भागली. मृगजळ नव्हतं हे ठरलं. मीमांसकांना, म्हणजे मीमांसा या दुसऱ्या दर्शनाच्या पंडितांना, हे मान्य नाही. ज्ञानाचं प्रामाण्य (खरेपणा) स्वतःच प्रतीत होतं, खोटेपणा तेवढा बाहेरून कळतो, असं ते म्हणतात. रोजच्या व्यवहारात आपण मीमांसकांसारखेच वागतो, पण शंका आली की नैयायिकांचा मार्ग धरावा लागतो.

खुणेलाच व्याख्या मानलं की काय होतं ते याच विहिरीवर दिसतं. महिनाभर पाणी प्यायलं, कुणी आजारी पडलं नाही, म्हणून ते पिण्याजोगं म्हणणं चूक, कारण फ्लोराइडने हाडं धरायला वर्षं जातात. तहान भागली यावरून ते पाणी आहे एवढंच सिद्ध झालं. कृती कुठल्या साध्याची कसोटी घेते, हे आधी ठरवावं.

शेवटी हेतू बदलून अनुमान पुन्हा मांडावं: ‘तपासणीत सर्व घटक मर्यादेत आढळले, म्हणून पिण्याजोगं.’ इथे आधार शब्दप्रमाणाचा, म्हणजे विश्वासार्ह माणसाच्या सांगण्याचा; इथे तो अहवाल. नमुना कधी घेतला आणि काय काय तपासलं, हे वाचावं. गावपातळीवर वापरतात ती काळी पडणारी बाटली फक्त जंतुदोष दाखवते. ती काळी पडली नाही, तरी फ्लोराइडचा रकाना कोराच राहतो.